पट्टीने आखलेली स्क्रीन

आमच्या घरी मानाने येणारे आणि वयाने लहान असलेले जावईबापू यांस,

मानाला नमस्कार आणि वयाला आशीर्वाद. दोन्ही एकदमच पाठवतो आहे, तिकडे वेगवेगळे करून घ्यावेत.

इकडे सर्व ठीक. तुमची मान कशी आहे? दिवसभर संगणकापुढे बसून ती आखडते असं लेक फोनवर सांगत होती. (माझी सत्तावीस वर्षं टेबलावर वाकून गेली, पण मान ताठच राहिली. तुमच्या सासूबाईंचं म्हणणं असं की तीच तर अडचण आहे.) व्याह्यांचा गुडघा आता जिने चढू देतो का? विहीणबाईंना म्हणावं, त्यांनी पाठवलेलं तेल मी नेमाने लावतो. (बाटली भरलेलीच आहे, पण तेवढं कळवू नये.) माझा रक्तदाब उत्तम, झोप उत्तम, भुकेचं तर विचारूच नका. तुमच्या सासूबाईही बऱ्या आहेत. हल्ली त्यांना माझ्यात बोट ठेवायला जागा सापडत नाही, त्यामुळे जरा उदास असतात इतकंच. पत्र लिहिण्यास कारण असं काही नाही. खुशाली विचारावी आणि जाता जाता एक छोटीशी बातमी कानावर घालावी, एवढाच हेतू.

बातमी अशी की मी केलेली स्क्रीन या सोमवारपासून आमच्या कंपनीच्या झाडून सगळ्या मेकॅनिकांच्या हातात आहे. मी केलेली. पहिल्या कंसापासून शेवटच्या कंसापर्यंत, कुणाचंही बोट न धरता. हे वाक्य लेकीला मोठ्याने वाचून दाखवावं. दोनदा वाचलं तरी माझी हरकत नाही.

तुम्हाला आठवत असेल (नसेल तर मला आठवतं आहे), मागच्या खेपेला तुम्ही दोघं आलात तेव्हा जेवताना हा विषय निघाला होता. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या आमच्या कंपनीत कागद बंद होऊन मेकॅनिकांना मोबाईल मिळाले होते. आणि तक्रारीचा फॉर्म, जो मी सत्तावीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने आखला, अकरा रकान्यांचा, जो घेऊन आमची माणसं आजवर हजारो लिफ्टमध्ये शिरली आणि धडपणे बाहेर आली, तो फॉर्म आता मोबाईलच्या स्क्रीनवर जायचा होता. मोठ्या मॅडमनी मला बोलावून घेतलं. (त्या कंपनीच्या प्रमुख. सगळे त्यांना मोठ्या मॅडम म्हणतात. धाकट्या मॅडम कुणी नाहीत, तरी म्हणतात.) त्या म्हणाल्या की बाहेरचे लोक ही स्क्रीन करून द्यायला टपलेलेच आहेत, पण फॉर्म तुमचा आहे. दोन महिन्यांत तुम्हाला जमलं तर तुमची खोली आणि हे काम तुमचंच, नाही जमलं तर तुमचं टेबल गोदामात. आमचं गोदाम तुम्ही पाहिलेलं नाही. तिथे तारांची वेटोळी असतात, ग्रीसचे डबे असतात आणि खिडकी नसते. तिथे गेलेला माणूस एकदम निवृत्तीच्या दिवशीच वर येतो. हे सगळं मी ताटावर बसून सांगत होतो, आणि तुम्ही अगदी साधेपणाने म्हणालात की बाबा, एका संध्याकाळचं काम आहे, मी करून देतो.

एका संध्याकाळचं! तुमचा हेतू चांगला होता हे मला आज कळतं. त्या वेळी मात्र हातातला घास परत ताटात ठेवला. एका पारड्यात माझी सत्तावीस वर्षं आणि दुसऱ्या पारड्यात तुमची एक संध्याकाळ, आणि काटा तुमच्याकडे! मी एवढंच म्हणालो की तुम्ही जेवा, आमचं आम्ही बघून घेऊ. लेकीने माझ्याकडे पाहिलं. ती पाच वर्षांची असताना तिने काढलेल्या घराच्या रेघा मी पट्टी लावून सरळ करून दिल्या होत्या, तेव्हा पाहिलं होतं तसंच पाहिलं. नंतर चार दिवस राहून तुम्ही दोघं निघून गेलात आणि मी कामाला लागलो.

आता या कामाच्या भाषेविषयी. तुम्हाला ती येत असेलच, तरी सांगतो, कारण माझ्यासारखी कुणी समजावली नसेल. तिचं नाव एक्सएमएल, आणि तिची रीत मोठी शिस्तीची. यात स्क्रीन काढायची नसते, लिहून सांगायची असते. टोकदार कंसात लिहायचं की चौकट. चौकटीच्या आत ओळ, ओळीच्या आत रकाना, रकान्याच्या आत बटण आणि बटणावर काय अक्षरं हवीत ती. आणि जे जे उघडलं ते ते उलट क्रमाने मिटत यायचं, आधी बटण, मग रकाना, मग ओळ, मग चौकट. मला हे बघताक्षणी पटलं. जन्मभर मी या घरात ओरडत आलो की कपाट उघडलंत तर लावा, नळ उघडलात तर बंद करा. माझं कुणी ऐकलं नाही, आणि इथे एक अख्खी भाषाच माझ्या बाजूने उभी राहिली! फक्त एखादं मिटवायचं राहिलं की ती रुसते, आणि रुसते तीही भलत्याच जागी. माझं राहिलं होतं चौदाव्या ओळीवर आणि ती बोट दाखवत होती दोनशे बाराव्या ओळीकडे. म्हणजे चोरी स्वयंपाकघरात आणि पोलीस गच्चीवर. अडीच दिवस मी त्या बिचाऱ्या दोनशे बाराव्या ओळीची उलटतपासणी केली. शेवटी तुमच्या सासूबाई चहा ठेवायला आल्या, खांद्यावरून एक नजर टाकली आणि म्हणाल्या की ते वरचं एक उघडंच राहिलंय. (त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण एकोणतीस वर्षं माझ्यामागे डब्यांची झाकणं लावत फिरल्यामुळे नजर तयार झाली आहे.) याला मदत म्हणता येणार नाही, ते चहाबरोबर आलं.

पुढे आलं मापांचं प्रकरण, आणि मापात माझा हात धरणारा कंपनीत कुणी नाही. स्क्रीनवरच्या प्रत्येक रकान्याला रुंदी सांगावी लागते. मी खणातून माझी तीस सेंटीमीटरची पोलादी पट्टी काढली, ऑफिसातल्या संगणकाच्या काचेला लावली आणि जुन्या फॉर्मची मापं जशीच्या तशी आकड्यांत उतरवत गेलो. तक्रार क्रमांकाला दोन सेंटीमीटर, इमारतीच्या नावाला तीन, असं करत करत अकरा रकाने मिळून चोवीस. केसभर इकडेतिकडे नाही. चांगली बातमी आधी असावी म्हणून 'काम पूर्ण' हे हिरवं बटण इमारतीच्या नावाला लागून घातलं, त्याला दोन. 'काम अपूर्ण' हे त्याच्यापासून चार हात लांब, तारीख, वेळ आणि मजला यांच्या पलीकडे, आणि 'सुटा भाग मागवा' अगदी उजव्या टोकाला. झाल्यावर खुर्ची मागे सरकवून पाहिलं आणि काय सांगू, माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. टायपिस्ट बाईंना बोलावून दाखवलं, शिपायाला दाखवलं, खिडक्या पुसायला आलेल्या माणसाला दाखवलं. तो म्हणाला काच स्वच्छ आहे.

इथे तुम्ही कपाळावर हात मारून घेतला असणार. घ्या मारून. मोबाईलवर लावून पाहिलंत का, असं तुम्ही विचाराल. नाही पाहिलं. कशाला पाहायचं? कागद छापून आला की तो सगळ्यांच्या हातात तेवढाच असतो. टेबलावर मोठा आणि खिशात लहान होणारा कागद मी जन्मात पाहिला नव्हता.

दोन महिने भरले, स्क्रीन मेकॅनिकांच्या हातात गेली, आणि त्यांच्या मोबाईलवर दिसला माझ्या स्क्रीनचा डावीकडचा सात सेंटीमीटरचा तुकडा. तक्रार क्रमांक, इमारतीचं नाव आणि ठसठशीत हिरव्या रंगात 'काम पूर्ण'. बाकीचा फॉर्म काचेच्या पलीकडे, हवेत. त्यात मी आणखी एक शहाणपणा केला होता. कुठलं तरी एक बटण दाबल्याशिवाय मेकॅनिकाला पुढची तक्रार दिसायचीच नाही, असा नियम घातला होता. (हे लोक रकाने कोरे सोडतात, त्यावरचा हा माझा उपाय. याचाही मला अभिमान होता.) पहिल्याच दिवशी दुपारी आमच्या लांबूचा फोन आला. लांबू म्हणजे आमचा सगळ्यात जुना मेकॅनिक, सहा फुटांच्या वर, लिफ्टच्या वर चढायला त्याला शिडी लागत नाही असं म्हणतात. तो म्हणाला, आपल्याच इमारतीच्या लिफ्टपाशी उभा आहे, चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मध्ये ती गचके खाते, नवीन भाग घातल्याशिवाय सुधारणार नाही, पण तसं सांगायचं बटण कुठे आहे? मी म्हटलं नीट बघ. तो म्हणाला बघितलं. मी म्हटलं, अकरा रकाने आहेत, डोळे उघडून बघ. तो म्हणाला तीनच आहेत. मग मात्र माझा पारा चढला. मी त्याला सांगितलं की सत्तावीस वर्षांत या फॉर्ममधलं काही कुणाचं हरवलेलं नाही, फॉर्म वाचायलाही अक्कल लागते, आणि फोन ठेवला. त्याने काय केलं असेल? पुढची तक्रार हवी होती, समोर एकच बटण होतं. त्याने ते दाबलं. दिवसभर सगळ्यांनीच ते दाबलं.

संध्याकाळी हिशेब लागला, त्रेसष्ट तक्रारी आणि त्रेसष्टच्या त्रेसष्ट कामं पूर्ण. कंपनी निघाल्यापासून असा दिवस उगवला नव्हता. मोठ्या मॅडम स्वतः खाली माझ्या खोलीत आल्या, सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली आणि म्हणाल्या की उद्या सातव्या मजल्यावर सगळ्या शाखाप्रमुखांना तुमची स्क्रीन दाखवायची. माझे पाय जमिनीवर ठरेनात. घरी आल्यावर तुमच्या सासूबाईंना तोच प्रसंग तीनदा सांगितला. चौथ्यांदा सुरुवात केली तेव्हा त्या आंघोळीला गेल्या. तुम्हाला पत्र लिहायला मी त्याच वेळी बसलो होतो. त्यात 'एक संध्याकाळ' हे दोन शब्द पहिल्या पानावरच पाच वेळा आले होते. ते पत्र मी फाडून टाकलं आहे. तरी त्याची धार तुम्हाला कळावी म्हणून उल्लेख केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम आणि मी, दोघंच, लिफ्टमध्ये शिरलो. (लांबूने या लिफ्टविषयी काय सांगितलं होतं ते शाबासकीच्या भरात मी साफ विसरलो होतो.) चौथा मजला गेला, आणि पाचवा काही येईना. एक गचका बसला, दिवा गेला आणि आम्ही मधल्यामध्ये लटकलो. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीच्या प्रमुख त्याच कंपनीच्या लिफ्टमध्ये अडकल्या आणि शेजारी मी, इस्त्रीच्या शर्टात. मॅडमनी मोबाईल काढून आमच्या इमारतीची तक्रार उघडली. लिहिलेलं होतं, काम पूर्ण, काल दुपारी. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग अगदी शांत आवाजात म्हणाल्या की म्हणजे लांबू खोटं बोलला, आणि हा खोटं बोलला तर बाकीचे तरी कशावरून खरे? आज दुपारच्या आत याला घरी पाठवते.

जावईबापू, तुमच्यापासून काय लपवायचं, गप्प बसावंसं वाटलं. क्षणभर नव्हे, चांगली दोन-तीन मिनिटं. डोळ्यांसमोर ते गोदाम आलं, बिनखिडकीचं. वर सातव्या मजल्यावर शाखाप्रमुख ताटकळत बसलेले आणि इथे अंधारात मॅडमच्या हातात माझी स्क्रीन उजळलेली. माझ्या शर्टाच्या खिशात एक छोटी पट्टी कायम असते. काय वाटलं कोण जाणे, मी ती काढली आणि म्हटलं, जरा मोबाईल धरा बघू. काचेला लावली. सात सेंटीमीटर. माझा फॉर्म चोवीसचा. उरलेले सतरा सेंटीमीटर कुठे गेले ते मला उभ्या उभ्या कळलं. मी म्हणालो, "मॅडम, तो खोटं बोलला नाही. खरं बोलायचं बटणच त्याच्याकडे नव्हतं. ते मी दिलं नव्हतं. त्याने काल फोन करून सांगितलं, तर मी त्याची अक्कल काढली." त्यांनी पट्टीवरचा सातचा आकडा स्वतः वाचून पाहिला. पट्टी परत ठेवताना मला माझाच खिसा सापडेना. (लिफ्टही हलत होती, त्यामुळे त्यांच्या लक्षात आलं नसावं.)

मग मी लांबूला फोन लावला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, साहेब, ते काम तर पूर्ण दिसतंय, तुमचाच नियम आहे ना की पूर्ण झालेल्या कामावर मेकॅनिकाने जायचं नाही? हे तो हसत म्हणत होता की रागाने, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण म्हणाला ते बरोबर होतं. आता ते काम अपूर्ण करायचं कसं? अशा वेळी कागदावर घालवलेला जन्म कामी येतो. रकाने कागदात मावेनात तर आम्ही काय करतो? कागद आडवा घेतो. मी मॅडमना म्हटलं मोबाईल आडवा धरा. त्यांनी धरला. काच आता पंधरा सेंटीमीटर झाली आणि उजव्या कडेने तारीख आली, वेळ आली, मजला आला आणि सगळ्यांच्या मागून 'काम अपूर्ण' आलं! इतकी वाईट बातमी बघून इतका आनंद मला कधी झाला नव्हता. मॅडमनी ते दाबलं आणि लांबू निघाला.

चाळीस मिनिटांनी त्याने वरून हाताने चाक फिरवत आम्हाला चौथ्या मजल्यावर उतरवलं. दार उघडलं तेव्हा शाखाप्रमुख जिने उतरून तिथे गोळा झाले होते. माझी स्क्रीन पाहायला आलेली माणसं मला पाहत उभी होती. लांबू वरून उतरून माझ्यासमोर आला, हात ग्रीसने माखलेले. मी त्या सगळ्यांच्या देखत त्याला म्हणालो, चुकलो रे बाबा. (हा शब्द माझ्या तोंडून निघाला यावर तुमच्या सासूबाईंचा अजून विश्वास बसलेला नाही. लांबूला घरी बोलावून खात्री करून घेणार आहेत.) लाज वाटली, खोटं नाही बोलत. पण बोलून झाल्यावर अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं, तेही खरं. मॅडम जिन्याने वर जाता जाता म्हणाल्या, आठ दिवस देते.

त्या आठ दिवसांत मी काय केलं ते नीट वाचा, कारण खरा अभिमान त्याचाच आहे. पट्टी खणात टाकली आणि खणाला कुलूप लावलं. आकडा सोडला आणि वाटा धरला. इमारतीच्या नावाला तीन वाटे, क्रमांकाला एक, मजल्याला एक. काच केवढी का असेना, आहे त्या जागेत सगळ्यांनी आपापल्या वाट्याने राहायचं. जागा फारच थोडी पडली तर उजवीकडच्यांनी मुकाट्याने खालच्या ओळीत उतरायचं, हवेत जायचं नाही. तिन्ही बटणं एकाखाली एक, एकाच मापाची, अंगठ्याला सापडतील अशी, आणि 'काम अपूर्ण' सगळ्यात वर. लांबू रोज काम संपल्यावर माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायचा. पहिले दोन दिवस तो नुसता हातमोजे घालून बटणं दाबत राहिला. तिसऱ्या दिवशी म्हणाला की हातमोजे घातल्यावर बटण लागत नाही, तेव्हा मी बटणं आणखी जाड केली. नऊ वेगवेगळ्या मोबाईलवर लावून पाहिलं, उभे धरून, आडवे धरून. एकाची काच इतकी तडकलेली होती की त्यात मजला दोनदा दिसायचा, त्यावरही माझी स्क्रीन बसली.

आणि या सोमवारी अठ्ठावन्न तक्रारी आल्या. पूर्ण सदतीस, अपूर्ण एकवीस. ते एकवीस मी पुन्हा पुन्हा वाचले. एकवीस ठिकाणी कुणीतरी खरं ते लिहिलं होतं आणि लिहायला जागा मी दिली होती. त्रेसष्टपैकी त्रेसष्टच्या वेळी पाय जमिनीवर नव्हते. या वेळी चांगले घट्ट होते, आणि छाती मात्र त्याहून फुगली होती. मॅडमनी बाहेरच्या लोकांना नाही म्हणून कळवलं. माझी खोली माझीच राहिली. दारावर आता 'स्क्रीन विभाग' अशी पाटी लागली आहे. (डावीकडून दोन मिलिमीटर खाली होती. मी सरळ करून घेतली.) काल जेवणाच्या सुट्टीत मुद्दाम गोदामात एक चक्कर मारून आलो. नुसतं बघितलं आणि वर आलो. फार बरं वाटलं.

तर तुम्ही म्हणाला होतात की एका संध्याकाळचं काम आहे. मला दोन महिने आणि आठ दिवस लागले, हे मी मोकळेपणाने कबूल करतो. पण जे केलं ते स्वतःच्या अकलेने केलं आणि स्वतःच्या अकलेनेच बिघडवलं. या वयात हे किती जणांना जमतं ते तुमच्या क्षेत्रातल्या जाणत्या लोकांना जरूर विचारून बघा. लेकीला आशीर्वाद, व्याही-विहीणबाईंना नमस्कार. मानेला जपावं.

स्क्रीन विभागातून (हे दोन शब्द अजून लिहायची सवय व्हायची आहे),
तुमचा सासरा

ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी तुमच्या सासूबाईंना वाचायला दिलं. त्यांनी सगळं वाचलं आणि म्हणाल्या, बाकी सगळं खरं आहे, एक गोष्ट सोडून. कुठली ते सांगितलं नाही. आता समोर खुर्ची घेऊन बसल्या आहेत आणि हलत नाहीत. त्यामुळे पुढचं लिहिणं भाग आहे.

ता. क. दुसरा. मागच्या खेपेला तुम्ही गेल्यावर माझ्या टेबलावर, वर्तमानपत्राखाली, तुमची एक वही राहिलेली सापडली. विसरला असाल म्हणून मी तीन दिवस तिला हातही लावला नाही. चौथ्या दिवशी उघडली. तुमचं अक्षर मला ठाऊक आहे, डॉक्टरांनाही वाचता येणार नाही असं आहे. या वहीतली अक्षरं मात्र मोठी, गोल, सुटी, बरोबर माझ्या चष्म्याच्या नंबराला बेतलेली. उघडलं ते कसं मिटवायचं हे तिसऱ्या पानावर. नवव्या पानावर लिहिलं होतं, 'इथे चूक होईल, होऊ द्या.' सतराव्यावर, 'आता उठून चार पावलं चाला, मान आखडेल.' स्वतःच्या वहीत असं कोण लिहितं हो? मला तेव्हाच कळलं होतं. कळूनही मी कळल्याचं दाखवलं नाही, आणि तुम्हीही इतक्या दिवसांत फोनवर वहीचं नाव काढलं नाहीत. सगळी स्क्रीन मी त्या वहीतून केली. फक्त तेविसावं पान सोडून दिलं, कारण त्याच्या डोक्यावर 'मापं' असं लिहिलेलं होतं, आणि मापांतलं मला जावई काय शिकवणार! लिफ्टमधून उतरल्यावर त्या दिवशी घरी येऊन ते पान उघडलं. दोन रेघा मारून तुम्ही लिहिलं होतं, 'बाबा, माप आकड्यात देऊ नका, वाट्याने द्या.' मला फार भरून आलं. स्वतःचा मुलगा असता तरी त्याने इतकं माझं मन राखून शिकवलं नसतं. हे तोंडाने माझ्याच्याने म्हणवणार नाही, म्हणून लिहून कळवतो.

ता. क. तिसरा आणि शेवटचा, कारण पान संपत आलं. मॅडमना आता इमारतीत राहणाऱ्या माणसांनी स्वतः तक्रार नोंदवावी अशी दुसरी स्क्रीन हवी आहे, म्हाताऱ्यांना अक्षरं मोठी करून घेता येतील अशी. महिनाभराची मुदत दिली आहे आणि मी छाती काढून हो म्हणून बसलो आहे. तुमची वही एकेचाळिसाव्या पानावर संपते आणि अक्षरं मोठी करण्याचं त्यात काही नाही. तेव्हा येत्या रविवारी दोघांनी जेवायला यावं. कामाचा विषय मी काढणार नाही, तुम्हीही काढू नये. मात्र निघताना दुसरी एखादी वही विसरून जावी. त्या वेळी मी तोंड धुवायला आत गेलेलो असेन, आणि तुम्ही जिना उतरेपर्यंत बाहेर येणार नाही.